जेवणाची शिस्त

अमरावतीच्या प्रयोगशाळेत अजहर सहा वर्षं एका जंतूला जेवणाची शिस्त लावत होता. सोयाबीनच्या तेलातून स्टेरॉल नावाचा पदार्थ निघतो. जंतूनं त्याच्या रेणूची शेपटी तेवढी खायची आणि बाकीचं सोडायचं, कारण त्या उरलेल्यापासून स्टेरॉइडची औषधं बनतात. पाच वर्षं जंतूनं ताट चाटूनपुसून साफ केलं. सहाव्या वर्षी तो शेपटी खाऊन थांबला, आणि अजहरला पीएच.डी. मिळाली.

पेढे घेऊन तो बाळापूरला आला, तेव्हा अब्बा सोयाबीनच्या वावरात तिसऱ्या फवारणीचा पंप पाठीला बांधत होते. पंप खाली ठेवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंजे तुह्या किड्याले आता अर्धं खाऊन अर्धं सोडता येते?"

"किडा नाही अब्बा, जंतू हाये थो."

अब्बांनी वाकून एक पान तोडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. अळीनं हिरवं होतं तेवढं सगळं खाल्लं होतं. शिरांची जाळी मात्र जशीच्या तशी होती.

"अर्धं सोडाचं त या अळीलेबी समजते, बेटा. फक्त कोन्तं अर्धं, थेवढं शिकवून दे."

अजहर त्या जाळीतून वावराकडे पाहत राहिला. दोनशे दहा पानांच्या प्रबंधात त्यानं नेमकं हेच सोडवलं होतं, फक्त चुकीच्या किड्यासाठी.