अर्धा इंच माया

व्हॅनच्या इंजिनाचा नवा बेल्ट पुल्यांवर चढला आणि तसाच लोंबत राहिला. मनीषाने पहार लावून अल्टरनेटर खाचेच्या पार टोकापर्यंत ओढला, बोल्ट आवळला, तरी सैलच! व्हॅन चालू केली तर अशी किंचाळली, की इंदिरानगरातली ती अख्खी गल्ली गॅलरीत आली.

"सांगत होतो ना?" राजू म्हणाला. पायाला प्लास्टर, म्हणून नवरोबा दारात खुर्ची टाकून सकाळपासून नुसते हुकूम सोडत होते. "तुझं काम नाही ते. काळूला फोन लावतो. उद्या सोमवार आहे, पोरं त्याच्या गाडीतून जातील."

मनीषा झटकन वळली. राजूचा पाय मोडल्यापासून, दीड महिना, ही शाळेची व्हॅन ती चालवत होती. अकरा पोरं. आता तिला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं. आणि काळू तर टपूनच बसला होता; एकदा त्याच्या गाडीत बसलेली पोरं परत कसली येतात!

"फोन खाली ठेवा," ती म्हणाली. "दुकानात माप कुणी कळवलं होतं?"

"मीच. जुन्या बेल्टला सुतळी लावून मोजलं. चौतीस इंच, अगदी बरोब्बर."

मापाशिवाय इलाज नव्हता, हे खरं. गाडी वीस वर्षांची, अल्टरनेटर भलत्याच गाडीचा बसवलेला, आणि बेल्टवरचा नंबर कधीच घासून गेलेला.

मनीषाने कपाळावर हात मारला. ती घरी ब्लाउज शिवायची. "अहो, ताणलेल्या ब्लाउजवरून माप घेतलंत तुम्ही! माप अंगावरून घ्यायचं असतं."

घरातून शिलाईचा टेप आणून ती पुढच्या सीटखालच्या इंजिनावर वाकली. आधी तिने सैल बेल्ट उतरवला आणि अल्टरनेटर थोडा आत ढकलला.

"अगं, आणखी सैल कशाला करतेस?" राजू ओरडला.

"अर्धा इंच माया सोडतेय. नवा बेल्टही उद्या ताणला जाणारच. तेव्हा आवळायला जागा नको?"

तिन्ही पुल्यांभोवती टेप फिरवला. तेहतीस. पुन्हा फिरवला. तेहतीसच. मग स्कूटी काढली आणि थेट द्वारका चौकातलं पार्ट्सचं दुकान गाठलं.

दुकानदार खाजाभाई जेवायला निघाले होते. "भाभी, पुराना बेल्ट लायी क्या?"

"नाही. माप आणलंय. तेहतीस इंच."

"मगर आपके मिस्तरी ने तो चौतीस बोला था."

"मिस्तरी बदललाय."

दुपारी बेल्ट बसला. तिने अंगठ्याने दाबून पाहिला. हवा तेवढाच दबला. चावी फिरवली. इंजिन शहाण्यासारखं गुरगुरलं, किंचाळणं नाही की काही नाही. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताना गालभर ग्रीस लागलं.

"जमलं की गं तुला!" राजूने फोन खिशात टाकला. "चल, आता मंगळवारी माझं प्लास्टरही निघतंय. मग मी आहेच गाडीवर."

मनीषाने सीट जागेवर बसवली, वर हात टेकून नीट दाबली.

"बरंच होईल," ती म्हणाली. "मागे पोरं फार भांडतात. त्यांच्यात बसायला कुणीतरी हवंच होतं."