कानीबर्दचा वाटाड्या

इथे गल्ली असायला हवी होती. समोर सिमेंटची कोरी भिंत होती. सरतीपने तिच्यावर मूठ आपटली.

“झालं? आणखी एक भिंत?” मागून होशंगने विचारलं. तुकडीचा म्होरक्या तो; सगळे त्याला ‘काक’, म्हणजे दादा, म्हणायचे. घामाने त्याच्या मिशा चिकटल्या होत्या.

“इथून लोहारांची गल्ली लागायची, काक होशंग. थेट टेकडीच्या मागे निघायची.”

“लागायची, निघायची! अरे, डोंगरात हिवाळेच्या हिवाळे आमचे कान किटवलेस तू. म्हणे, कानीबर्दचा दगड न् दगड ओळखतो. म्हणून तुला पुढे घातला. हे तुझं गाव आहे की माझ्या सासऱ्याचं?”

सरकारने कुर्दांना इथून हाकललं तेव्हा सरतीप लहान होता. मागाहून घरं पाडली, दक्षिणेतून अरब कुटुंबं आणून वसवली, हे त्याच्या कानावर आलं होतं. पण गल्ल्यासुद्धा पुसून टाकल्या असतील, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आता रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ होते आणि घरं सगळी एका साच्यातली.

गावाच्या मधोमध टेकडीवर पाण्याची टाकी होती. टाकीच्या पायथ्याशी फौजेचं शेवटचं ठाणं. बाकीचं गाव सकाळीच पेशमर्गांच्या, म्हणजे कुर्द लढवय्यांच्या, हाती आलं होतं. दुसरी तुकडी ठाण्याशी समोरून झुंजत होती, माणसं गमावत होती आणि होशंग मागून येईल म्हणून वाट बघत होती. होशंगची तुकडी भिंतींवर डोकं आपटत फिरत होती.

“डावीकडे,” सरतीप म्हणाला. त्याचा स्वतःवरच विश्वास नव्हता.

डावीकडे मोकळा रस्ता निघाला. ठाण्यावरच्या मशीनगनला तो तळहातासारखा दिसत होता. पहिल्याच फैरीत तुकडीतला बेस्तून मांडी धरून खाली बसला. बाकीच्यांनी त्याला ओढत एका घराच्या ओट्याआड आणलं. सरतीपने कमरेचा शेला सोडला आणि त्याच्या पायाला आवळून बांधला. गाठ बसेना.

“तुमच्या गावात पाहुण्यांचं असंच करतात का रे?” बेस्तून दात आवळत म्हणाला.

तेवढ्यात घराचं दार किलकिलं झालं. दारात एक तरुण बाई, कडेवर मूल. ती अरबीत बोलली. आवाज दबका, पण चांगलाच तापलेला.

“माझ्या दारात मरू नका! मशीनगन इकडे वळवतील ते. आत सासू पडून आहे, तिला उचलता येत नाही मला.”

“टाकीच्या मागे जायला वाट आहे का?” सरतीपने तिच्याच भाषेत विचारलं. स्वतःच्या गावात परक्या बाईला वाट विचारताना त्याचे कान तापले.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग रक्ताकडे. “परसातून जा. मागे कोरडा ओढा आहे. पोरं त्यातूनच टेकडीवर चढतात. जा, लवकर जा!”

जखमी बेस्तूनला तिच्या ओसरीत ठेवून ते ओढ्यात उतरले. ओढ्याने त्यांना ठाण्याच्या पाठीशी नेऊन सोडलं. शिपायांना मागे वळायलाही सवड मिळाली नाही. दुपारपर्यंत ते हात वर करून रांगेत बसले होते आणि तुकडीतली पोरं हवेत गोळ्या उडवत नाचत होती.

सरतीप नाचला नाही. तो ठाण्याच्या गच्चीवर उभा राहून गाव धुंडाळत होता. समोरचा काळा कडा तेवढा जुना होता. कडा कोणाला पाडता आला नव्हता. कड्याखाली झरा. झऱ्यापासून घराकडे उतरणारी जुनी वाट मनात धरत त्याने नजर खाली आणली. जिथे ती थांबली, तिथे घराच्या परसात बाळाची दुपटी वाळत होती. बेस्तूनला ठेवलं होतं तेच घर. त्याच्या बापाच्या जागेवर उभं.

होशंग वर आला. सकाळचा राग आता ओसरला होता.

“वरून हुकूम आलाय. आणून वसवलेल्या लोकांनी घरं खाली करायची. तुझ्या बाजूच्या गल्लीत तू सांगून ये. आणि स्वतःची जागाही ताब्यात घे, बाबा. हक्क आहे तुझा.”

हक्क होताच. वाट उतरताना सरतीप तो शब्द मनात घोळवत होता. इतकी वर्षं याच दिवसासाठी काढली होती. मग पाय असे जड का पडत होते? त्याला स्वतःचाच संताप आला.

बाईने दार उघडलं. ओसरीत बेस्तून डोळे मिटून पडला होता. त्याच्या पायाला आता स्वच्छ पांढरी पट्टी होती. तिने सरतीपचा चेहरा वाचला. रडली नाही, भांडली नाही. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“किती वेळ आहे?” तिने विचारलं.

याच जागी, पिठाने भरलेले हात तसेच धरून, सरतीपच्या आईने शिपायाला हाच प्रश्न विचारला होता. शिपायाने तोंड उघडण्याआधी घड्याळात बघितलं होतं. ते घड्याळ सरतीपला अजून स्वप्नात दिसायचं.

मग त्याला कळलं, आपणही आपल्या मनगटाकडे बघतो आहोत.

त्याने हात खाली सोडला. बेस्तूनला पाठीवर घेतलं आणि टेकडी चढू लागला.

“सापडलं घर?” होशंगने विचारलं.

“सापडलं.”

“केलं रिकामं?”

“नाही.”

सरतीपच्या आईला डोंगरात माती देताना होशंग शेजारी उभा होता. सरतीपखेरीज त्या घरातलं आता कोणी उरलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“का रे?”

“घरची माणसं आहेत आत,” सरतीप म्हणाला.