काचेवरचा लाल रंग

“आधी माझी आई दाखवा, मग सही!” आत्याबाईंनी पेन टेबलावर आपटलं.

संग्रहालयाच्या तळघरात त्यांच्या घराण्याचे जुने फोटो पेट्यांच्या पेट्या भरून आले होते. ते कायमचे जपायला द्यायचे, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची सही हवी, म्हणजे आत्याबाईंचीच. आणि घराणं काय साधंसुधं? शहरातलं इस्पितळ त्यांचं, नदीवरचा पूल त्यांचा, अहो, हे संग्रहालयही त्यांच्याच पैशातून उभं राहिलेलं. अशा माणसांना ‘नाही’ म्हणायचं तर जीभ टाळ्याला चिकटते.

तरी दुरुस्तीवाल्या बाई ‘नाही’च म्हणाल्या. जुन्या निगेटिव्ह साफ करून जपणं हे त्यांचं काम. खालून उजेड असलेल्या टेबलावर त्यांनी काचेवरची एक निगेटिव्ह ठेवली होती. पायऱ्यांवर बसलेलं कुटुंब आणि मधोमध माणसाएवढा लाल डाग. फोटोतून कुणाला काढायचं असलं की स्टुडिओवाले काचेवर असा रंग फासत. छापल्यावर तिथे नुसतं पांढरं उमटे, माणूस गायब! या फोटोत मात्र दीड वर्षाची आत्याबाई त्या माणसाच्या मांडीवर होती. मांडी गेली, बाळ हवेत राहिलं. बाळाच्या पोटावरची त्या माणसाची बोटं तेवढी पुसता आली नव्हती.

“आलंय तसं जपायचं, हा आमचा नियम आहे,” दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. “तो रंगसुद्धा आता इतिहासच आहे.”

“तुमचा नियम गेला चुलीत! डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणाले, जे काय बघायचंय ते बघून घ्या. आई तापाने गेली तेव्हा मी एवढीशी होते. मग सावत्र आई आली आणि तिने एकूण एक फोटोतून माझ्या आईला पुसून टाकलं. पुढे सगळं घर माझ्या शब्दावर हलायला लागलं, पण आई दिसायची कशी, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. मला आई म्हणून ही चार बोटंच ठाऊक आहेत हो!”

त्यांचा भाचा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. सध्या घराण्याचा कारभार तोच बघायचा. “आत्या, राहू दे ना,” तो म्हणाला. “कशाला उगाच मढी उकरायची?”

“तुला घराच्या अब्रूची पडलीय. पुसणारी तुझी सख्खी आजी ना!”

“अब्रू गेली खड्ड्यात. तुला सोसायचं नाही गं.”

“आईचा चेहरा सोसायचा नाही? काहीतरीच तुझं!”

दुरुस्तीवाल्या बाईंनी काच तिरकी करून पाहिली. रंग मागच्या कोऱ्या बाजूवर होता. ओल्या कापसाने निघाला असता, चित्राला धक्का न लागता. त्यांची स्वतःची आई घरी अंथरुणाला खिळलेली होती आणि आज सकाळीच त्या तिच्यावर खेकसून आल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने कापूस घेतला.

मांडी आली. गळा आला. हनुवटी आली. भाचा म्हणाला, “अजूनही थांबा.” पण कुणी थांबलं नाही. बाईंनी काचेचा फोटो काढला, काळ्याचं पांढरं केलं आणि पडद्यावर मोठा करून लावला. विशीतली बाई. हसू दाबलेलं. डाव्या भुवईला मधोमध चिरणारा वण.

आत्याबाई पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. आधी लहान मुलीसारख्या हसल्या. मग ते हसू हळूहळू उतरलं.

“अरे, ही तर आपली भांडीवाली.”

भाच्याने मान खाली घातली. “ताप वगैरे काही नव्हता. गरिबाघरची म्हणून आजोबांनी हिला टाकली आणि दुसरं लग्न केलं. दोन-तीन वर्षांनी ही मागच्या दाराशी आली. घर नवं, नोकर नवे, हिला ओळखणारं कुणी नव्हतं. आजोबांना म्हणाली, भांडी घासते, तोंड उघडणार नाही, पण पोर डोळ्यांसमोर असू द्या. बाबांनी जाताना सांगितलं मला. त्यांनी तुला नाही सांगितलं, मीही नाही सांगितलं.”

“आणि मी हिला चोर म्हणून घराबाहेर काढलं. चांदीचा चमचा गेला म्हणून. म्हातारी झाली होती. फाटकाबाहेर बसून राहिली, तर गडी पाठवून तिथूनही हाकलली.”

“आत्या, तुला काय माहीत होतं तेव्हा? चल, घरी जाऊ.”

आत्याबाई हलल्या नाहीत. बोट पडद्यावरच्या त्या भुवईवर ठेवून म्हणाल्या, “चमचा दुसऱ्याच दिवशी सापडला रे. पण नोकराची माफी कोण मागतं, म्हणून मी गप्प बसले.”