हक्कसोड

"खुशीनं हक्क सोडताय ना? कुणाची बळजबरी नाही?" रजिस्टर कचेरीतल्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं.

"व्हय की. खुशीनं," राहीआक्का म्हणाली आणि पेनासाठी हात पुढं केला.

मागं बाकावर बसलेला तिचा भाऊ आकाराम दचकला. खुशीनं! हा शब्द त्यानं नको तितका ऐकला होता. सांगलीत वीस वर्षं कायदा शिकवून तो परदेशी आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाला. सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत लढाईत होरपळलेल्या लोकांच्या साक्षी ऐकून ऐकून त्याचे कान किटले. डोक्याला बंदूक लावलेली माणसं, आणि कागदावर मात्र घरदार खुशीनं सोडलेलं! सुट्टीला आला तो पार पिचून. रहिमतपूरच्या मळ्यात आठ दिवस नुसतं पडून राहावं, एवढीच इच्छा. पण आईवडलांच्या माघारी मळ्याची वाटणी निघालेली. धाकटा सोपान म्हणाला, "आक्काची सही झाली की सुटलो." आकाराम मुकाट जीपमध्ये बसला. रीतच होती. बहिणीनं सही करायची, भावांनी साडीचोळी करायची. शिणलेल्या माणसानं रीतीशी कुठं भांडावं?

आता मात्र त्याला राहवेना.

"थांबा साहेब, ही सही होणार नाही." तो उठला. "आक्का, मळ्यात तिसरा हिस्सा तुझा आहे. कायद्यानं आहे. भिऊ नकोस, मी आहे ना!"

सोपानचं तोंड एवढंसं झालं. "दादा, हितं कशाला कोरट भरवतुयास?" तो पुटपुटला.

आकारामानं लक्ष दिलं नाही. कितीतरी महिन्यांनी त्याला बरं वाटत होतं. तिकडं एकेक खटला वर्षानुवर्षं रेंगाळायचा. आज एका तरी माणसाला वेळेवर न्याय मिळत होता, आणि तेही त्याच्या सख्ख्या बहिणीला.

आक्का हसली. पदर सारखा करून तिनं सहीच्या जागी सावकाश आपलं नाव काढलं.

"आरं, भ्याय काय झालंय मला? माझ्या घरी विट्यात मी सुखी हाय. ह्या सोपाननं मळ्यापायी हाडाची काडं केली. आय अंथरुणाला खिळली तवा ह्याच्या बायकूनं तिचं समदं केलं, नाक मुरडलं न्हाई. त्येंच्या पदरात पडू दे की!"

मग तिनं कागदावर बोट ठेवलं.

"पर हितं ल्हिलंय, माझ्यातलं निम्मं तुझ्याबी नावावर चढणार. तू तर मळ्यातलं ढेकूळबी कवा फोडलं न्हाईस. मग आकाराम, हक्क सोडायची सही तुझ्याकडं कुनीच कशी मागितली न्हाई रं?"