चूक माझीच होती

"चूक माझीच होती," नायिका म्हणाली आणि नदीत उडी न मारता काठावरच थांबली. नदी म्हणजे तालमीच्या खोलीत खडूने मारलेली रेघ.

"आता काय झालं?" दिग्दर्शकाने चहाचा कप खाली ठेवला.

"सर, हिची चूक काय? नवरा संशय घेतो, सासू उपाशी ठेवते, दोघं मिळून हिला घराबाहेर काढतात. आणि वर माफी हिनेच मागायची?"

"शोकांतिका आहे ती. नायिका मेली की बायका रडतात आणि बायका रडल्या की नाट्यगृह भरतं. शिवाय ही काही मनची गोष्ट नाही. लेखकाच्या पहिल्या बायकोची आहे. काठावर चपला सापडल्या होत्या तिच्या."

"चपला सापडल्या," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "आणि बाई?"

"नदीला पूर होता. कुठली सापडतेय!" दिग्दर्शक नायिकेकडे वळला. "वाक्य बदललंस तर दुसरी मुलगी तयार आहे."

सासूबाई म्हणजे सासूचं काम करणारी नटी. प्रत्येक नाटकात सासूच, म्हणून हेच नाव पडलेलं. रंगमंचावर इतकी खाष्ट की प्रेक्षक दातओठ खात. आत आली की नायिकेच्या केसांतला गुंता हळुवार सोडवी.

मैत्रिणी आणि दासी रंगवून रंगवून नायिकेच्या पदरात पहिल्यांदाच मोठं काम पडलं होतं. घरी तिने आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "पडतं घे गं. संसारात आम्ही घेतलंच की." त्यावर ती ताटावरून उठली.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी रंग लावता लावता ती सासूबाईंकडे वळली.

"मावशी, तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

"मला कोण विचारतंय! मी पडले सासू." पांढऱ्या केसांचा टोप डोक्यावर बसवत सासूबाई हसल्या. "पण तोंड तुझं आहे, बाळ. भाड्याने आणलेलं नाही."

लेखक परगावाहून थेट प्रयोगालाच आला होता. पहिल्या रांगेत मधोमध बसला होता.

शेवटचा अंक आला. नायिका काठावर उभी राहिली. समोर रुमाल आधीच बाहेर निघाले होते.

"चूक..." ती अडखळली. विंगेतून दिग्दर्शक डोळे वटारत होता. तिने मान ताठ केली.

"चूक माझी नव्हती. आणि मी मरणार तर मुळीच नाही."

तिने नदीकडे पाठ फिरवली. रुमाल डोळ्यांपाशीच थांबले. मग मागच्या रांगांतून टाळ्या उसळल्या.

लेखक तरातरा रंगमंचावर चढला.

"बंद करा हे! माझ्या बायकोची विटंबना आहे ही! देवी होती ती. माझं नाव घेत, माझी क्षमा मागत गेली!"

"तुम्ही होतात तिथे?" नायिकेने विचारलं.

"नवरा आहे मी तिचा! मला नाही तर कुणाला माहीत असणार? त्या पुरातून कुठली बाई वाचेल?"

सासूबाई विंगेतून पुढे आल्या. दिव्याखाली उभं राहून त्यांनी डोक्यावरचा पांढरा टोप काढला. लेखकाचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"मला पोहता येत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."