पिपाचं कुलूप

जगदेवीनं नाकाला पदर लावला तरी मुताचा वास काही हटेना.

“पाण्याची टंचाई हाय, बाई,” विरूपाक्ष म्हणाला. हा वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक. “लातूर जिल्हा झाला, पाट्या नव्या रंगवल्या, पण टँकर तेवढेच.”

एवढं बोलून त्यानं तोंडातला विडा थुंकला, भरल्या तांब्यानं खळखळून चूळ भरली आणि व्हरांड्यातच टाकली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्या ओल्या फरशीकडं बघत कोरडे ओठ चाटत होता.

शिवा शिवा. जगदेवीला शिसारी आली.

मुरुडहून ती सकाळच्या एस.टी.नं आली होती. नवरा वारल्यापासून आडत दुकान आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. घरचं एक म्हातारं माणूस कुठंतरी ठेवायचं होतं. नांदेडचा आश्रम तिनं बघितला होता. तिथं अंगण झाडलेलं, म्हाताऱ्या गाणी म्हणत बसलेल्या. पण तिचं मन तिथं बसलं नाही.

आत खाटांना खाटा लागलेल्या, आणि सगळ्यांना मिळून एकच आया, धोंडाबाई. हाताला भेगा, लुगडं ढोपरापर्यंत खोचलेलं.

“बाकीच्या बायका कुठं गेल्या?”

“पळाल्या. कामचोर सगळ्या,” विरूपाक्ष म्हणाला. “हीबी बसलेली दिसली की मी रोजाचे पैसे कापतो. धाक पाहिजे, बाई, धाक.”

“आन् जेवायला काय देता हिला?”

“म्हाताऱ्यांच्या ताटात उरतंच की.”

“आमच्या दुकानातला हमाल बी स्वतःच्या ताटावर बसून जेवतो. तुम्हाला लाज कशी वाटत न्हाई हो?”

विरूपाक्षनं नुसतेच दात काढले. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि तो निघून गेला.

कोपऱ्यात पाण्याचं पत्र्याचं पीप होतं. झाकणाला कोयंडा ठोकून कुलूप घातलेलं. जगदेवी त्याच्यापुढं थबकली. असलं कुलूप तिनं आधी बघितलं होतं, लग्न होऊन मुरुडला आली त्या वर्षी, घरच्या रांजणावर. मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग ती अंगठ्यानं चोळत राहिली.

“ह्याची चावी?” तिनं धोंडाबाईला विचारलं.

“सायबाच्या करदोड्याला.”

“मग रातच्याला एखाद्या म्हातारीला तहान लागली तर?”

“रडतात, आक्का. पार उजाडेपर्यंत.” धोंडाबाईनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. “मी माझ्या वाट्याचं राखून ठिवते, घोट घोट पाजते. सायबाला सांगू नका बरं.”

“म्हणजे तू हायेस म्हणून ही सगळी जगून राहिलीत.”

“कुणीतरी पाहिजे की, आक्का.”

जगदेवी तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, “आमच्याकडं येतीस? दुकानामागं खोली हाय. ताजं जेवण, अंग धुवायला पाणी. आमचा आड अजून आटला न्हाई. कुणी वरच्या आवाजात बोलायचं न्हाई तुला. आत्ताच चल.”

धोंडाबाईनं खाटांकडं बघितलं. “आन् ह्यांचं?”

“तुझ्या जिवाचं बघ, बाई. किती दिवस उष्टं गिळशील?”

धोंडाबाईचे डोळे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं, आतून गाठोडं आणलं आणि खाली मान घालून जगदेवीच्या मागं चालू लागली.

विरूपाक्ष दारात आडवा आला. “हे काय, बाई? माणूस ठेवायला आलात का माझं माणूस पळवायला?”

“हिला नेणार. असलं माणूस सांभाळायची तुमची लायकी न्हाई.”

“मग जागा नको, असंच म्हणा की.”

“नको कोण म्हणलं?” जगदेवीनं नाकावरचा पदर काढला. “उद्या सासूला आणून सोडते. तेवढं पिपाचं कुलूप मात्र काढू नका.”