तळ्यावरचा उतार

“तिथं खणू नका, बाई. तिथं धावड्याचं मूळ हाय.”

चतुराबाईनं कुदळ खाली ठेवली. समोर नुसता मुरमाड उतार, खाली गढूळ तळं. बोटभर हिरवं कुठं दिसत नव्हतं. सांगणारा माणूस अनोळखी होता. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी.

“तुला कसं ठावं?”

“लहानपणी इथं गुरं राखलीत. सटवाजी म्हणत्यात मला.”

बाईनं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. कुणाचा, कुठला, काही विचारलं नाही. “मग ऱ्हा,” एवढंच म्हणाली. सटवाजी राहिला.

निजामाच्या राज्यातलं, बोरीजवळचं ते लहानसं गाव. जुनी माणसं सांगत, परभणीहून पाहुणा आला तरी त्याला आधी तळ्यावर नेत. नवरात्रात उतार तरवडाच्या फुलांनी पिवळा व्हायचा. पत्रावळीला पळसाची पानं इथली, बाळंतिणीच्या लाडवाला धावड्याचा डिंक इथला. मग सेलूच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याला सरपण लागलं, ठेकेदार आला आणि एका उन्हाळ्यात उतार बोडका झाला. दोन पावसाळ्यांत माती तळ्यात उतरली. हिवाळ्यातली बदकं यायची थांबली.

उतार चतुराबाईच्या घरचा. ठेका तिच्या नवऱ्यानं, किशनरावानं दिला, असं गाव म्हणे. त्याच साली घरावर माडी चढली होती. किशनराव पुढं मान खाली घालूनच चालला आणि दोन वर्षांत वारला. चतुराबाईनं माडीला कुलूप घातलं आणि गोठ्याच्या पडवीत चूल मांडली. त्यानंतर चार वर्षांनी एके सकाळी ती एकटीच कुदळ घेऊन उतारावर आली.

पहिलं वर्ष सटवाजीनं झाड लावूच दिलं नाही. आधी माती अडवायला आडव्या दगडी ताली, तालीच्या पोटाशी मारवेल गवताचे ठोंब. “माती थांबली की झाडं आपसूक येत्यात,” तो म्हणायचा. जिथं जुनं मूळ जिवंत होतं, तिथं बाभळीचे काटे रोवून शेरडांपासून राखलं. पळस फुटला, आपटा फुटला, धावड्याला तांबूस पालवी आली. दोघं उन्हात बसून भाकरी खात आणि गेलेलं रान परत आठवत.

“हितं मेडशिंग होती का रं?”

“दोन हात वर, बाई. वाकडी होती.”

“व्हय, वाकडीच.” बाई हसायची.

दरसाल पहिला ठोंब लावताना मात्र ती एकच वाक्य बोले. “ज्यानं हा उतार उघडा केला, त्याला मरताना सावली मिळू नये.”

सटवाजी खाली बघून माती दाबत राही.

शेजारचा म्हातारा मुंजाजी काठीवर रेलून कधी उभा राही. “किशनरावानं माडीपायी रान घालवलं, अन् बाई घाम गाळायलीय,” असं तिच्या देखतच बोले. चतुराबाई तळ्याकडं तोंड करून बसे. नवऱ्याचं पाप ही बिचारी फेडायलीय, असं वाटून सटवाजीचा जीव तुटायचा.

कारण त्यानं इथं कधीच गुरं राखली नव्हती. ठेकेदाराच्या चाळीस माणसांत तो होता. पहिल्या संध्याकाळी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तो ह्या उतारावर उभा राहिला होता आणि अंधार पडेस्तोवर ते रान बघत होता. सारा उन्हाळा तो आणि त्याची बायको कावेरी एका सालईखाली निजले. “एवढं झाड ठिवा,” ती म्हणाली होती. शेवटच्या दिवशी त्यानं तेही पाडलं. कावेरी पुढच्याच वर्षी तापानं गेली. मग पाच वर्षं तो भटकला, पण त्याला दुसरं कुठलं गाव सुचेना.

सात वर्षं झाली. त्या हिवाळ्यात तळ्यावर बदकं उतरली. चतुराबाईला धाप लागत होती, तरी ती काठी टेकत उतारावर आली आणि मुंजाजीसमोर म्हणाली, “माझ्यामागं हा उतार सटवाजीच्या हवाली. इथलं पान तोडायचं तरी त्याला इचारायचं.”

मुंजाजी मान डोलवत गेला. सटवाजी मात्र जागचा हलेना. 

“बाई, मला देऊ नका. मी तुमाला फसवलंय.”

“बोल.”

“म्या गुरं राखली न्हाईत. ही झाडं म्या तोडलीत. ह्या हातानं. सात वर्षं तुमी ज्याला शिव्याशाप दिले, तो मीच हाय. सांगाल तर आत्ता निघतो.”

चतुराबाई धावड्याच्या सावलीत टेकली. 

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला,” ती म्हणाली. “गुराख्याला झाड ठावं असतं. मातीखालचं मूळ कुऱ्हाडवाल्यालाच ठावं.”

“मग ठेवून का घेतलं? दरसाल माझ्या तोंडावर शाप का दिला?”

“तुला न्हाई दिला, सटवाजी.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ठेकेदार आला तवा आमचे धनी पाथरीला गेले होते. परत येईस्तोवर निम्मं रान पडलं होतं. गावानं त्यांना नावं ठेवली, त्यांनी ऐकून घेतली, मरेस्तोवर माझं नाव घेतलं न्हाई. ठेक्याच्या कागदावर घरचा शिक्का म्या मारला होता.”